सी-मध्ये मराठी नावं का बिघडतात? स्ट्रिंग कॉपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाखले छापणारा, सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला एक जुना प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. तक्रार एका ओळीची होती. सिद्धेश्वरी नावाच्या मुलीच्या दाखल्यावर ‘सिद्धेश्वर’ छापलं गेलं होतं, त्यापुढे चौकटीतलं एक प्रश्नचिन्ह, आणि त्याला चिकटून ‘पुणे’. फॉन्टचा दोष असेल म्हणून आधी दोनदा फॉन्ट बदलून झाला होता. दोष फॉन्टमध्ये नव्हताच. त्या दुरुस्तीच्या वेळी आणि त्यानंतर सहकाऱ्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते उत्तरांसह इथे एकत्र केले आहेत.

सिद्धेश्वरीच्या दाखल्यावर नेमकं झालं काय?

सी-मधल्या स्ट्रिंगला, म्हणजे ओळीने ठेवलेल्या मजकुराच्या बाइटांना, स्वतःची लांबी ठाऊक नसते. शून्य किंमतीचा बाइट आला की स्ट्रिंग संपली, एवढाच करार. तो बाइट पुसला गेला, तर छापणारं फंक्शन पुढच्या मेमरीत जे असेल ते वाचत सुटतं.

आता मोजू. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिलेलं चिन्ह, ३ बाइट घेतो. अक्षर, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘सिद्धेश्वरी’त स, वेलांटी, द, हलन्त, ध, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी असे ११ कोडपॉइंट आहेत. म्हणजे ३३ बाइट, आणि शेवटच्या शून्यासाठी आणखी एक. स्ट्रक्चरमध्ये (एका नोंदीचे रकाने मेमरीत एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) नावाला ३२ बाइट होते आणि त्याला लागूनच गावाचे ३२ बाइट.

स्ट्रकॉपीने, म्हणजे जागा न बघता शून्यापर्यंत सगळं उतरवणाऱ्या फंक्शनने, नाव भरलं. ३२ बाइट नावाच्या रकान्यात बसले. शेवटच्या वेलांटीचा तिसरा बाइट आणि शून्य हे दोन्ही गावाच्या रकान्यात सांडले. पुढच्याच ओळीत गावाच्या रकान्यात ‘पुणे’ भरलं गेलं आणि सांडलेलं शून्य पुसलं गेलं. आता नाव छापताना १० कोडपॉइंट नीट येतात, वेलांटीचे दोन तुटके बाइट प्रश्नचिन्ह होतात आणि शून्य थेट ‘पुणे’नंतर भेटतं.

दोन ओळींचा क्रम उलटा असता, तर लक्षण पूर्ण वेगळं दिसलं असतं. आधी गाव, मग नाव भरलं असतं तर नाव अगदी बरोबर छापलं गेलं असतं आणि गावाच्या जागी फक्त एक प्रश्नचिन्ह उरलं असतं. मग सगळ्यांनी गावाच्या कोडमध्ये चूक शोधली असती. म्हणून मी आग्रहाने सांगतो: मजकूर ज्या रकान्यात बिघडलेला दिसतो, त्याच्या आधीच्या रकान्यापासून तपासायला लागा.

(भाषेच्या नियमानुसार असं सांडणं म्हणजे ‘अनिश्चित वर्तन’. कंपायलरवर कसलंच बंधन राहत नाही. वर सांगितलं ते बहुतेक मशीनवर प्रत्यक्षात घडतं ते.)

पण आम्ही स्ट्रकॉपी कधीच सोडली. स्ट्रएनकॉपी वापरतो. ती तर सुरक्षित आहे ना?

नाही. हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे आणि त्याचं कारण नावात आहे. मधला ‘एन’ बघून वाटतं, की ही स्ट्रकॉपीचीच मर्यादा घातलेली आवृत्ती असणार.

स्ट्रएनकॉपीचा जन्म वेगळ्या कामासाठी झाला. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली प्रत्येक नोंद १६ बाइटांची असे: २ बाइट आयनोड क्रमांक (फाइलचा अंतर्गत क्रमांक) आणि १४ बाइट फाइलचं नाव. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, बरोबर १४ बाइटांचं असेल तर शून्याची गरजच नाही, कारण रकान्याची लांबी ठरलेली. स्ट्रएनकॉपी नेमकं हेच करते. मूळ स्ट्रिंग लांब निघाली तर ती शेवटी शून्य लावत नाही.

म्हणजे सिद्धेश्वरीचं नाव स्ट्रएनकॉपीने ३२ बाइटांत भरलं, तर गावाच्या रकान्यात काहीही सांडणार नाही, पण नावाला शेवटही नसेल. छापल्यावर पुन्हा ‘सिद्धेश्वर’, प्रश्नचिन्ह, ‘पुणे’. लक्षण एकच, कारणं दोन. इथे तर मेमरीवर चुकीचं लिहिणं झालेलंच नाही, त्यामुळे ते पकडणारी साधनंही गप्प बसतात.

दुसरा तोटा वेगाचा. ४०९६ बाइटांच्या बफरमध्ये ‘पुणे’ कॉपी केलं, तरी स्ट्रएनकॉपी उरलेले ४०८४ बाइट शून्यांनी भरत बसते.

ठरावीक लांबीचा रेकॉर्ड लिहायचा असेल तर स्ट्रएनकॉपी आजही योग्य आहे. इतर ठिकाणी ती दिसली, की मी थांबून तपासतो. जीसीसी हा कंपायलर आठव्या आवृत्तीपासून अशा कित्येक जागी ‘ट्रंकेशन’ची (मजकूर कापला जात असल्याची) ताकीद देतो. ती बंद करू नका.

मग वापरायचं काय?

जिथे साधी कॉपी हवी तिथे एसएनप्रिंटएफ. सी९९ पासून ती प्रमाण भाषेत आहे, म्हणून जवळपास सगळीकडे मिळते. तिला बफर द्या, बफरचा पूर्ण आकार द्या, फॉरमॅट म्हणून ‘पर्सेंट-एस’ द्या आणि मग मूळ स्ट्रिंग. आकार शून्याहून मोठा असेल तर ती शेवटी शून्य लावतेच. मूळ स्ट्रिंग थेट फॉरमॅटच्या जागी मात्र कधीही देऊ नका. कुणाच्या नावात किंवा पत्त्यात टक्क्याचं चिन्ह आलं की तिथून वेगळाच घोळ सुरू होतो.

महत्त्वाचं आहे ते तिचं उत्तर. पुरेशी जागा असती तर किती बाइट लिहिले गेले असते, हा आकडा ती परत देते. तो ऋण असेल तर त्रुटी. बफरच्या आकाराइतका किंवा त्याहून मोठा असेल तर मजकूर कापला गेला. मी पाहिलेल्या कोडमध्ये हा आकडा बहुतेक वेळा कुणी बघतच नाही, आणि मग स्ट्रकॉपी काढून एसएनप्रिंटएफ घातल्याने क्रॅश थांबतो पण नावं चुकीचीच राहतात.

जुन्या विंडोज कोडमध्ये सुरुवातीला अधोरेखा असलेली एसएनप्रिंटएफ दिसली तर सावध राहा. ती प्रमाण फंक्शनसारखी वागत नाही, शेवटचं शून्य चुकवू शकते. प्रमाण आवृत्ती व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून मिळते.

दुसरा पर्याय स्ट्रएलकॉपी. टॉड मिलर आणि थिओ द राट यांनी ती १९९८ मध्ये ओपनबीएसडीत आणली. जीलिबसीने (लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीने) मात्र ती कित्येक वर्षं नाकारली आणि अखेर २०२३ मध्ये, २.३८ आवृत्तीत, घेतली. ती शून्य लावते आणि मूळ स्ट्रिंगची लांबी परत देते, त्यामुळे कापलं गेलं का ते लगेच कळतं. एक अट आहे. ती लांबी मोजण्यासाठी मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचते, म्हणून मूळ स्ट्रिंगलाच शेवट नसेल तर हीसुद्धा भरकटते. लिनक्स कर्नेलमध्ये म्हणूनच स्ट्रएससीकॉपी आली आणि २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीत स्ट्रएलकॉपी कर्नेलमधून काढून टाकली गेली.

कुठलंही फंक्शन घ्या, कॉपीची ओळ लिहिण्याआधी लक्ष्यात जागा किती, स्रोत जास्तीत जास्त किती लांब, आणि मावला नाही तर काय करायचं, हे ठरलेलं हवं. पहिली दोन उत्तरं फंक्शनला देता येतात. तिसरं तुम्हालाच ठरवावं लागतं.

मावत नसेल तर नीट कापून टाकलं, शेवटी शून्य लावलं. एवढ्याने काय बिघडतं?

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा विस्ताराने.

३२ च्या बफरमध्ये एसएनप्रिंटएफने ‘सिद्धेश्वरी’ भरलं तर ३१ बाइट राहतात: १० कोडपॉइंट आणि वेलांटीचा एक तुटका बाइट. छापल्यावर शेवटी प्रश्नचिन्ह येतं. ते दिसायला वाईट आहे, पण निदान कुणीतरी तक्रार करतं.

मग कुणीतरी हुशारीने तुटके बाइट मागे सरकून काढून टाकतो. पद्धत सोपी आहे: यूटीएफ-८ मध्ये कोडपॉइंटच्या पहिल्या बाइटानंतरचे सगळे बाइट १२८ ते १९१ या टप्प्यात असतात. देवनागरीत पहिला बाइट नेहमी २२४ असतो (‘क’ म्हणजे २२४, १६४, १४९). कापलेल्या जागेपुढचा बाइट १२८ ते १९१ मधला असेल तर आपण कोडपॉइंटच्या मध्यात आहोत. नव्या कोडपॉइंटची सुरुवात सापडेपर्यंत मागे यायचं आणि तिथे शून्य लावायचं. तांत्रिकदृष्ट्या निर्दोष.

आणि दाखल्यावर छापलं जातं ‘सिद्धेश्वर’. स्वच्छ, शुद्धलेखनात अचूक, आणि दुसऱ्याच माणसाचं नाव. मुलीच्या दाखल्यावर मुलाचं नाव. कुठलाही व्हॅलिडेटर हे पकडणार नाही, लॉगमध्ये ओळ येणार नाही, आणि त्या मुलीला ते बहुधा वर्षांनी, प्रवेशाच्या रांगेत कळेल.

गावांचंही तसंच. ‘औरंगाबाद’ शून्यासह २५ बाइट, ३२ मध्ये आरामात बसायचं. २०२३ मध्ये नाव ‘छत्रपती संभाजीनगर’ झालं: शून्यासह ५० बाइट. ३२ मध्ये कापलं की बरोबर कोडपॉइंटच्या सीमेवर तुटतं आणि ‘छत्रपती संभ’ उरतं. एकही प्रश्नचिन्ह नाही.

माझा नियम असा. नाव, गाव, खाते क्रमांक, पत्ता यांत कापणं ही चूक समजायची: कॉपी करणाऱ्या फंक्शनने त्रुटी परत द्यायची, रेकॉर्ड अडवायचा, माणसाला दाखवायचा. लॉगची ओळ किंवा पडद्यावरचं शीर्षक कापलं तर चालेल, पण तिथेही कोडपॉइंटच्या मध्ये नको आणि शक्यतो जोडाक्षर फोडूनही नको. ‘क्ष’ मध्ये तीन कोडपॉइंट आहेत, हलन्तावर कापलं की ‘क्’ लोंबकळत राहतो. जोडाक्षरांच्या सीमा हाताने शोधण्यापेक्षा युनिकोड मजकूर हाताळणारी आयसीयू लायब्ररी वापरा.

मराठी मजकुराला किती जागा धरावी?

अक्षरं डोळ्यांनी मोजून अंदाज करू नका. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. ऱ वापरला तर २४ बाइट, आणि साध्या र-ला हलन्त आणि न दिसणारा जोडणीचा कोडपॉइंट लावला तर २७. पडद्यावर फरक शून्य.

डेटाबेसच्या रकान्याशी जुळवताना त्याचं एकक आधी बघा. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये व्हारचार ३२ (मजकुराच्या रकान्याचा प्रकार आणि त्याची मर्यादा) म्हणजे ३२ कोडपॉइंट, ३२ बाइट नव्हे. ऑरॅकलमध्ये मूळ सेटिंगला ते बाइटच असतात. ३२ कोडपॉइंटांसाठी सी-मध्ये ४ पट अधिक १, म्हणजे १२९ बाइट ठेवा. यूटीएफ-८ चा एक कोडपॉइंट ४ बाइटांहून मोठा होत नाही.

आणि चाचणी मराठीत करा. इंग्रजी नावात एक अक्षर एक बाइट असतं, त्यामुळे इंग्रजी चाचणी-डेटावर हे सगळे रकाने वर्षानुवर्षं पुरेसे वाटतात.

आमच्याकडे सगळीच नावं दोन अक्षरांनंतर तुटतात. असं का?

फंक्शनला अ‍ॅरे दिला आणि फंक्शनच्या आत त्यावर साइझऑफ (बाइटांत आकार सांगणारं) लावलं, हे कारण जवळजवळ नक्की. फंक्शनच्या आत तो अ‍ॅरे राहत नाही, पॉइंटर, म्हणजे नुसता मेमरीतला पत्ता, होतो. ६४ बिट मशीनवर पॉइंटर ८ बाइटांचा, त्यातला एक शून्याला. उरले ७: दोन कोडपॉइंट आणि एक तुटका बाइट. सिद्धेश्वरीचं ‘सि’ आणि प्रश्नचिन्ह होतं. उपाय: आकार वेगळा पॅरामीटर म्हणून पाठवा.

प्रोग्रॅम फक्त चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या नोंदींवर कोसळतो. कोल्हापूरवर कधीच नाही. हे कसं शक्य आहे?

अगदी शक्य आहे, आणि ऐकल्यावर मला आधी मॅलॉकचीच (मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनची) ओळ बघावीशी वाटते. कुणीतरी मॅलॉकला स्ट्रलेनचा आकडा (शून्य न धरता मोजलेली लांबी) जसाच्या तसा दिला, एक मिळवायचा राहिला.

६४ बिट जीलिबसीवर मॅलॉक मागितली तेवढीच जागा देत नाही. वापरता येणारी जागा २४, ४०, ५६, ७२ अशा टप्प्यांत मिळते. ‘कोल्हापूर’ २७ बाइट. मागितले २७, मिळाले ४०, अठ्ठाविसावा शून्य बाइट निवांत बसला. ‘सोलापूर’ २१ बाइट, मिळाले २४, तिथेही बसला. ‘चंद्रपूर’ आणि ‘गडचिरोली’ दोन्ही बरोबर २४ बाइट. मिळाले २४, आणि पंचविसावा शून्य बाइट शेजारच्या तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर पडला. लगेच काही होत नाही. तो शेजारचा तुकडा फ्री करताना (परत देताना) प्रोग्रॅम पडतो, म्हणून स्टॅक ट्रेसमध्ये (पडताना चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीत) गावाचा उल्लेखही नसतो.

उपाय अधिक १. त्याहून बरं म्हणजे स्ट्रडुप वापरा, ती हा हिशोब स्वतः करते.

ओळीच्या सुरुवातीची स्पेस काढली, की मधलीच अक्षरं कधीकधी गायब होतात.

स्पेस काढण्यासाठी स्ट्रिंगचा पुढचा भाग त्याच स्ट्रिंगच्या सुरुवातीवर स्ट्रकॉपीने आणला असणार. स्रोत आणि लक्ष्य एकमेकांवर आलेले चालत नाहीत, ही स्ट्रकॉपी, मेमकॉपी, एसएनप्रिंटएफ सगळ्यांची अट आहे. जुन्या लायब्ररी एकेक बाइट डावीकडून उचलत, म्हणून हे चालून जाई. नव्या लायब्ररी एका दमात १६ किंवा ३२ बाइट हलवतात आणि क्रमही बदलू शकतात.

२०१० मध्ये फेडोरा १४ वर याचा मोठा अनुभव आला. जीलिबसीतली मेमकॉपी काही प्रोसेसरांवर शेवटाकडून कॉपी करू लागली आणि ६४ बिट फ्लॅश प्लेअरचा आवाज फाटायला लागला, कारण फ्लॅश एकमेकांवर येणाऱ्या भागांवर मेमकॉपी चालवत होतं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने स्वतः त्याचा माग काढला. चूक कुणाची यावर बराच वाद झाला. प्रमाणाच्या शब्दात फ्लॅशची.

मेममूव्ह वापरा, तिला एकमेकांवर आलेले भाग चालतात. लांबी स्ट्रलेन अधिक १, म्हणजे शून्यही सोबत सरकतं.

फंक्शनने परत दिलेली स्ट्रिंग कधी बरोबर असते, कधी कचरा.

फंक्शनच्या आतल्या लोकल अ‍ॅरेचा पत्ता परत दिला असेल. फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्याची. बफर बोलावणाऱ्याने द्यावा, आकारासह.

चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे ते कसं शोधायचं?

पहिलं साधन अ‍ॅड्रेस सॅनिटायझर. जीसीसी आणि क्लँग दोन्हींत आहे, कंपाइल करताना चालू करायचं. प्रोग्रॅम साधारण दुप्पट हळू होतो, पण चंद्रपूरसारखी चूक तो ओळ क्रमांकासह, घडते त्याच क्षणी दाखवतो. पुन्हा कंपाइल करणं शक्य नसेल तर व्हॅलग्रिंड. ते बरंच हळू आहे, पण एकमेकांवर येणारी स्ट्रकॉपीसुद्धा सांगतं.

एक मर्यादा ध्यानात ठेवा, तिने माझा एक अख्खा दिवस घेतला. सॅनिटायझर वेगवेगळ्या व्हेरिएबलांच्या मध्ये पहारा ठेवतो, एकाच स्ट्रक्चरमधल्या दोन रकान्यांच्या मध्ये ठेवत नाही. सिद्धेश्वरीचं नाव गावात सांडलं ते त्याला दिसलंच नाही. तिथे ‘फोर्टिफाय सोर्स’ दुसऱ्या पातळीवर उपयोगी पडतं: रकान्याचा आकार कंपायलरला माहीत असेल, तर स्ट्रकॉपीने तो ओलांडताच प्रोग्रॅम थांबवला जातो. ऑप्टिमायझेशन चालू असल्याशिवाय मात्र ते काम करत नाही.

तरीही सापडलं नाही तर जीडीबी हा डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून तपासायचं साधन). गावाच्या पहिल्या बाइटवर ‘वॉच’ लावा आणि प्रोग्रॅम चालवा. तो बाइट कुणी बदलला की जीडीबी तिथेच थांबतो. नाव भरणाऱ्या ओळीवर थांबला, की उत्तर मिळालं.

ओळ वाचणारं गेट्स फंक्शन अजून चालतं का?

चालवू नका. त्याला बफरचा आकार सांगायची सोयच नाही. २ नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्मने (नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने) फिंगर सेवेतल्या गेट्समधूनच ५१२ बाइटांच्या बफरमध्ये ५३६ बाइट घुसवले होते. सी११ मध्ये ते भाषेतून काढलं गेलं. एफगेट्स वापरा.

शेवटी ‘अंडरस्कोर एस’ असलेली स्ट्रकॉपी?

सी११ मध्ये ती ऐच्छिक आहे. मायक्रोसॉफ्टकडे आहे, जीलिबसीत नाही. फक्त विंडोजवर राहणार असाल तर ठीक.

जुन्या कोडमध्ये शेकडो स्ट्रकॉपी आहेत. सगळ्या एका दिवसात बदलू का?

कृपया नको. शोधा-आणि-बदला करून सगळीकडे एसएनप्रिंटएफ घातलं, की सांडणारी नावं गुपचूप कापली जाणारी नावं होतात. आधी बाहेरून डेटा येतो त्या जागा घ्या: फॉर्म, फाइल, नेटवर्क, डेटाबेस. एकच छोटं कॉपी फंक्शन लिहा, जे मावलं नाही तर त्रुटी देतं, आणि कंपायलरला सांगा, की त्याचं उत्तर न तपासल्यास ताकीद द्यावी. मग एकेक रकाना घेऊन ‘मावलं नाही तर काय’ हे ठरवत पुढे जा. प्रत्येक रकान्याला तीन चाचण्या: बरोबर मावणारा मजकूर, एक बाइट जास्त, एक कोडपॉइंट जास्त.

आधीच बिघडून साठलेली नावं परत मिळवता येतात का?

कापलेले बाइट कुठेच नाहीत, त्यामुळे प्रोग्रॅमने नाही. पण कुठली नावं संशयित आहेत ते शोधता येतं. ज्यांचा शेवट तुटक्या यूटीएफ-८ बाइटांनी होतो ती नावं पहिल्या यादीत. ज्यांच्या शेवटी त्याच रेकॉर्डमधलं गाव चिकटलेलं आहे ती दुसऱ्या. तिसरी यादी सगळ्यात महत्त्वाची: ज्यांची लांबी रकान्याच्या मर्यादेपासून ३ बाइटांच्या आत आहे. ३२ च्या रकान्यात २९ ते ३१ बाइट असलेलं प्रत्येक नाव, दिसायला कितीही बरोबर असलं तरी. ‘सिद्धेश्वर’ ३० बाइटांचं आहे. तो खरोखर सिद्धेश्वर आहे की सिद्धेश्वरी, हे मूळ कागदी अर्ज काढूनच कळतं. आमच्या कामात आम्ही ती यादी छापली, अर्जांचे गठ्ठे खाली उतरवले आणि एकेक नाव जुळवत गेलो.